रिकामी टाकी, मऊ पाणी: डिस्कसची पिल्लं वाढवण्याची तयारी

डिस्कस माशांच्या जोडीने अंडी घालणं फारसं दुर्मीळ नाही. पोटभर खाणारी, निरोगी जोडी जमली की आठवड्या-पंधरवड्याने ती अंडी घालत राहते, अगदी हॉलमधल्या टाकीतल्या फिल्टरच्या पाइपावरसुद्धा. त्यातून पिल्लं मोठी होणं मात्र दुर्मीळ, कारण मध्ये दोन अडचणीच्या जागा आहेत. पहिली म्हणजे अंडी फलित होऊन फुटणं. दुसरी म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी पोहायला लागलेल्या पिल्लांनी आईबापाच्या अंगापर्यंत पोचणं. टाकीत काय ठेवायचं, काय काढायचं, पाणी कसं, उजेड किती, हे सगळं या दोन जागांवरून ठरतं.

हा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याचं शास्त्रीय वंशनाव सिम्फिसोडॉन. मत्स्यतज्ज्ञ हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. रिओ निग्रोसारख्या नद्यांचं पाणी कुजलेल्या पानांमुळे चहाच्या रंगाचं, कोमट, आम्लधर्मी असतं आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. आज बाजारात मिळणारे बहुतेक डिस्कस थायलंड, मलेशिया, जर्मनी अशा ठिकाणी किंवा आपल्याकडेच फार्मवर वाढलेले असतात. ते नळाच्या साध्या पाण्यात वर्षानुवर्षं छान राहतात. अंड्यांना मात्र अजूनही मऊ पाणीच मानवतं.

पिल्लांचं पहिलं अन्न म्हणजे आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव. नर आणि मादी दोघांच्याही कातडीवर तो तयार होतो. २०१० साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की विणीच्या काळात या स्रावातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात आणि सुमारे तीन आठवड्यांनी आईबाप आपणहून पिल्लांपासून दूर पोहू लागतात. पहिले तीन-चार दिवस या स्रावाला सोपा पर्याय नाही. म्हणून पिल्लं अंगाला लागलीच पाहिजेत.

टाकी

एका जोडीला १८ इंच लांब, १८ रुंद, १८ उंच अशी चौकोनी टाकी पुरते. पाणी १६ इंच भरलं तर सुमारे ८५ लिटर होतं. मासे फार मोठे असतील तर २४ बाय १८ बाय १८ घ्या, पण त्याहून मोठी नको, कारण मोठ्या टाकीत पिल्लं आईबापापासून भरकटतात. काच ८ मिलिमीटरची, खाली सपाट थर्माकोल. टाकी येण्याजाण्याच्या वाटेवर नको. तीन बाजूंना आणि तळाला बाहेरून कागद लावा, म्हणजे माशांना हालचाल आणि स्वतःचं प्रतिबिंब कमी दिसतं. समोर दुसऱ्या डिस्कसची टाकी असेल तर मध्ये आडोसा करा. पलीकडचा मासा दिसला की नर सारखा त्याच्यावर धावून जातो आणि अंडी वाऱ्यावर सुटतात.

कागदाचा रंग ठरवताना जोडीचा रंग बघायचा. पिल्लं गडद दिसणाऱ्या गोष्टीकडे जातात. ब्राऊन, टर्कॉइज, कोबाल्ट अशा माशांचं अंग विणीच्या वेळी काळपट होतं, ते पिल्लांना ओळखता यावं यासाठीच. पिजन ब्लडसारख्या फिक्या जाती अशा काळवंडत नाहीत. त्यांची पिल्लं पाण्यातली दुसरीच एखादी गडद वस्तू शोधत बसतात. अशा जोडीला पार्श्वभूमी आणि अंडी घालायचा कोन (शंकू) दोन्ही फिकट रंगाचे द्या, म्हणजे मागच्या रंगापुढे निदान मासा उठून दिसेल.

टाकीच्या आत वाळू, झाडं, लाकूड, दगड काहीही नको. वाळूत अन्न अडकून सडतं आणि कोनावरून पडलेली पिल्लं त्यात हरवतात. टाकी ओकीबोकी दिसते, पण या कामाला तीच योग्य. अंडी घालायला १० ते १२ इंच उंच, न रंगवलेला, न चकाकणारा मातीचा कोन ठेवा. तो नसेल तर तेवढाच उभा पीव्हीसी पाइप, ज्याचा पृष्ठभाग सँडपेपरने थोडा खरखरीत केला आहे.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. पॉवर फिल्टर पिल्लं ओढून घेतो. नवा कोरा स्पंज लावून चालणार नाही, कारण त्यात जिवाणू नसतात. तो आधी चार ते सहा आठवडे चालू टाकीत मुरवून घ्या. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात शिरतं. जिथे वीज वारंवार जाते तिथे बॅटरीवर चालणारा पंप जोडून ठेवलेलाच असावा. २९ अंशांच्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे हवा बंद पडून चालत नाही.

तापमान २८ ते ३० अंश सेल्सियस. एका १५० वॉटच्या हीटरपेक्षा ७५ वॉटचे दोन बरे. हीटरचा थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकला तर मोठा हीटर रात्रीत मासे मारतो. लहान हीटर तेवढं पाणी तापवू शकत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा सांभाळून घेतो. दोन्ही तळाशी आडवे बसवा आणि त्यांना प्लॅस्टिकची जाळी लावा. आडवे का, हे पाणी कमी करायच्या दिवशी कळेल. जाळी का, तर डिस्कस उभ्या, गुळगुळीत हीटरवरसुद्धा अंडी घालतात. थर्मामीटर वेगळा हवा, हीटरवरच्या आकड्यांवर विसंबू नका.

पाणी

आपल्याकडे बहुतेकांची विण इथेच फसते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

कठीण पाण्यात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यात, डिस्कसची अंडी फलित होण्याचं आणि फुटण्याचं प्रमाण घटतं. अंडी घातली जातात, नर मागोमाग फिरतो, सगळं नीट झाल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक अंडी पांढरी पडतात. म्हणून विणीच्या टाकीत टीडीएस ५० ते १०० पीपीएम आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा अंक) ६ ते ६.५ ठेवायचा. टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार सांगतो, नेमका कठीणपणा नाही, पण रोजच्या कामाला तो पुरतो. सोबत जीएच (एकूण कठीणपणा) आणि केएच (कार्बोनेटचा कठीणपणा) मोजायची थेंबांची किट एकदा वापरून आपलं पाणी ओळखून ठेवा.

सह्याद्रीतल्या पावसावर भरणाऱ्या धरणांचं पाणी जिथे नळाला येतं तिथे ते सहसा बरंच मऊ असतं. बोअरवेलचं पाणी मात्र बहुधा कठीण असतं, तिथे आरओशिवाय मार्ग नाही. वॉटर सॉफ्टनर इथे कामाचा नाही, तो कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो आणि टीडीएस तसाच राहतो.

निव्वळ आरओचं पाणीही वापरू नका. त्यात पीएच धरून ठेवणारे बायकार्बोनेट जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. थोडं नळाचं पाणी मिसळायचं. समजा आरओच्या पाण्याचा टीडीएस १० आहे, नळाचा २५० आणि तुम्हाला ६० हवा आहे. ६० मधून १० वजा केले, ५० उरले. २५० मधून १० वजा केले, २४० उरले. ५० भागिले २४० म्हणजे सुमारे ०.२१. तर १०० लिटरमध्ये २१ लिटर नळाचं आणि ७९ लिटर आरओचं पाणी. नळाच्या पाण्यात आधी अँटीक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध, घाला. हे मिश्रण खाण्याच्या वस्तूंसाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिंपात २४ तास एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) आणि हीटर लावून ठेवा. टाकीत जाणारं पाणी दरवेळी याच पिंपातून, एकाच मापाचं गेलं पाहिजे.

पीएच खाली आणायला देशी बदामाची (टर्मिनेलिया कॅटप्पा) झाडावरून गळलेली तांबूस-तपकिरी सुकी पानं उत्तम. कोकणात आणि मुंबईच्या रस्त्यांवर ही झाडं भरपूर आहेत. पानं रहदारीपासून दूरच्या, फवारणी न झालेल्या झाडाची घ्या, धुवा आणि साधारण ४० लिटरला एक या हिशोबाने पिंपात भिजवा. टाकीत टाकू नका, तिथे तो आणखी एक गडद पृष्ठभाग होतो. पीएच कमी करणारी आम्लाची द्रावणं थेट टाकीत ओतू नका. कठीण पाण्यात पीएच तासाभरात परत वर येतो आणि मऊ पाण्यात तो धाडकन खाली जातो. दोन्हींत मासे होरपळतात.

एक धोका अनुभवी लोकांनाही चकवतो. पीएच ६ च्या खाली गेला की स्पंजमधले जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठत जातो. त्या पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम या फारशा विषारी नसलेल्या रूपात असतो, म्हणून मासे ठीक दिसतात. मग कुणी पीएच ७.५ चं नळाचं पाणी बदलून घालतं आणि तासाभरात मासे तडफडू लागतात. पीएच एका अंकाने वाढला की विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण दहापट होतं. यावर उपाय म्हणजे नवं पाणी जुन्याच पीएचचं असणं आणि रोज २० ते ३० टक्के पाणी बदलणं.

जोडी

सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवून त्यांना आपली जोडी आपण निवडू देणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग, पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. मादी नराच्या आधी वयात येते. तयार जोडी विकत घेणार असाल तर ती पिल्लांसोबत पाहायला मागा. नुसती अंडी घातलेली पाहून पैसे मोजू नका, कारण दोन माद्याही एकमेकींशी जोडी जमवतात, दोघी अंडी घालतात आणि ती सगळी पांढरी पडतात. नर-मादी ओळखायची खात्रीची वेळ अंडी घालतानाच येते. मादीची पोटाखाली बाहेर येणारी नळी बोथट आणि रुंद असते, नराची बारीक आणि टोकदार.

नवी जोडी चार ते सहा आठवडे वेगळी ठेवा. एकाच बाजूच्या कल्ल्याने श्वास घेणं, अंग घासणं ही कल्ल्यातल्या फ्लूक कृमींची लक्षणं. मोठा मासा हे कृमी अंगावर बाळगून वर्षं काढतो, पण पिल्लं त्याच्या अंगाला चिकटून जगत असल्यामुळे ते थेट पिल्लांच्या कल्ल्यात जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्लं पटापट मरण्यामागे बहुधा हेच असतं. म्हणून विणीच्या आधीच प्राझिक्वान्टेल या कृमिनाशकाचा डोस, लिटरला २ मिलिग्रॅम, द्या आणि आठवड्याने परत द्या. कृमींची अंडी पहिल्या डोसने मरत नाहीत. पिल्लं अंगावर असताना औषध देण्याची वेळ येऊ नये.

खाण्यात चरबी काढलेलं बकऱ्याचं हृदय आणि सोललेली कोळंबी वाटून, पातळ थरात गोठवून ठेवता येते. सोबत चांगलं पेलेट आणि गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या). जिवंत ट्यूबिफेक्स किडे टाळा, ते बहुतेक वेळा सांडपाण्यातून आलेले असतात.

अंडी

नव्या टाकीत जोडीला आधी १२० च्या आसपास टीडीएसमध्ये आठवडाभर रुळू द्या, मग रोजच्या पाणीबदलातून हळूहळू ६० पर्यंत या. तरीही सुरुवात होत नसेल तर ४० टक्के पाणी बदलताना नवं पाणी दोन अंश गार घाला. पावसाने नदी चढते तेव्हा असंच होतं, आणि बऱ्याच जोड्या त्यानंतर दोन-तीन दिवसांत कोन साफ करायला लागतात. एकमेकांसमोर मान झुकवणं, अंग थरथरवणं, शेपटीकडचा भाग काळा पडणं ही पुढची चिन्हं. अंडी बहुधा संध्याकाळी घातली जातात, शंभर ते अडीचशे. मादी खालून वर ओळीने अंडी ठेवत जाते, नर मागून जातो. या वेळी हवेचे बुडबुडे मंद करा. जोराच्या प्रवाहात नराचं वीर्य अंड्यांवर टिकत नाही.

त्या रात्रीपासून खोलीत एक मंद दिवा सतत चालू ठेवा. अंधारात आईबाप अंडी सोडतात, आणि पुढे पिल्लंही त्यांना गमावतात.

चोवीस तासांत न फळलेली अंडी पांढरी पडतात. थोडी पांढरी असतील तर आईबाप ती खाऊन जागा साफ करतात. सगळीच पांढरी असतील तर पाणी कठीण आहे, नर कच्चा आहे किंवा नर मुळात नाहीच. दीड-दोन दिवसांनी अंबर रंगाच्या अंड्यात काळा ठिपका दिसतो, आणि ५५ ते ६० तासांत अंडी फुटतात. पिल्लं डोक्याच्या चिकट धाग्याने कोनाला लटकून शेपटी हलवत राहतात. कुणी पडलं तर आईबाप तोंडात घेऊन परत चिकटवतात.

नवी जोडी पहिल्या तीन-चार विणी खाऊन टाकते. यात घाबरण्यासारखं काही नाही, त्यांना शिकू द्या. तरीही खात राहिली तर कोनाभोवती सुमारे सहा मिलिमीटर भोकांची प्लॅस्टिकची जाळी, अंड्यांपासून एक-दीड सेंटिमीटर अंतरावर गुंडाळा. मासे बाहेरून पंख हलवून वारा घालत राहतात, खाऊ शकत नाहीत. जस्त चढवलेली लोखंडी जाळी वापरू नका, मऊ आम्लधर्मी पाण्यात जस्त विरघळतं आणि ते विष आहे. बुरशीसाठी मिथिलीन ब्लू आईबापाच्या टाकीत घालण्याची घाई नको. ते स्पंजमधले जिवाणूही मारतं.

अंगाला लागण्याचा दिवस

अंडी घातल्यापासून पाचव्या किंवा सहाव्या दिवशी पिल्लं कोन सोडून पोहू लागतात. जाळी लावली असेल तर आदल्या संध्याकाळी काढा. त्याच वेळी पाणी ८-९ इंचांपर्यंत खाली आणा, म्हणजे पिल्लांना शोधायची जागा निम्मी होते. हीटर आडवे बसवायचे ते यासाठी: उभ्या हीटरची तापलेली काच पाण्याबाहेर आली की तडकते. हवा अगदी मंद, एकेक बुडबुडा सुटेल इतकी. काळा स्पंज पिल्लांना आईबापासारखाच वाटतो, म्हणून तो मागच्या कोपऱ्यात न्या किंवा त्याला फिकट रंगाच्या जाळीच्या कापडात गुंडाळा. वरचा दिवा मंदच.

पहिले काही तास पिल्लं इकडेतिकडे फिरतील, काही कोनाकडे परत जातील. हात घालू नका. दिवसभरात बहुतेक पिल्लं अंगावर जमतात आणि आईबाप आळीपाळीने अंगाला एक झटका देऊन ती एकमेकांकडे सोपवतात. सगळी लागल्यावर कोन हलक्या हाताने काढून घ्या.

पिल्लं चिकटली नाहीत तर कारण या क्रमाने शोधा: प्रवाह जास्त आहे का, दुसरं काही गडद आहे का, आईबाप आजारी किंवा नुकतेच औषधातून आलेले आहेत का, ते एकमेकांशी भांडत आहेत का. भांडत असतील तर एकाला काढा. एकटा नर किंवा एकटी मादीसुद्धा पिल्लं वाढवू शकते, फक्त तिच्या अंगावर जखमा होऊ लागल्या आहेत का यावर लक्ष ठेवा. दीड दिवस उलटूनही पिल्लं अंगाला लागली नाहीत तर ती विण हातची गेली असं समजा आणि जोडीला पुढच्या विणीसाठी सावरा.

निम्म्या पाण्यात घाण दुप्पट वेगाने साठते. रोज पाव पाणी बदला, पण नवं पाणी गाठ मारलेल्या हवेच्या नळीतून थेंबथेंब सोडा. सायफनच्या तोंडाला एअर स्टोन लावला तर पिल्लं ओढली जात नाहीत. आईबापाला थोडंच खायला द्या आणि दहा मिनिटांत उरलेलं काढा. हृदयाचं मिश्रण या दिवसांत बंद, ते पाणी फार लवकर नासवतं.

आर्टेमिया

पोहू लागल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवांची, सुरुवात करा. लिटरभराहून मोठी बाटली तळ कापून उलटी टांगा, त्यात एक लिटर पाणी, २५ ग्रॅम बिनआयोडिनचं खडे मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी. तापमान २६ ते २८, जोरात हवा आणि उजेड. २४ तासांत जीव बाहेर पडतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की रिकामी टरफलं वर येतात आणि नारिंगी जीव तळाशी बसतात. खालून बारीक नळीने ते कापडात गाळा आणि गोड्या पाण्याने धुवा. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, पिल्लांचं आतडं त्यांनी तुंबतं. निघाल्यापासून सहा-आठ तासांत वापरा, नंतर त्यांच्यातलं पोषण उतरत जातं.

दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, आईबापाजवळ, पिपेटने सोडा. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की ती खात आहेत. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरतात, मेलेले तळातून काढा. पिल्लं खाऊ लागली की पाण्याची पातळी रोज इंच-दोन इंच वाढवत न्या.

दोन ते तीन आठवड्यांच्या दरम्यान आईबाप पिल्लांना झटकू लागतात, त्यांच्या अंगावर ओरखडे दिसतात. तेव्हा त्यांना काढून दुसऱ्या टाकीत न्या आणि पिल्लं तिथेच राहू द्या. जागा बदलायची वेळ आलीच तर पिल्लं जाळीने न पकडता भांड्याने, पाण्यासकट उचला. आता टीडीएस हळूहळू २०० पर्यंत चढवा, कारण वाढत्या हाडांना क्षार लागतात. खाणं पाच-सहा वेळा आणि पाणी रोज निम्मं. पाणीबदल कमी पडला की पिल्लं खुंटतात. गोल व्हायच्या ऐवजी अंग लांबट होतं, डोळे मोठे दिसतात, आणि अशी वाढ नंतर कितीही खायला घातलं तरी भरून निघत नाही. रुपयाच्या नाण्याएवढी झाल्यावर त्यांना विभागून मोठ्या टाक्यांत न्या.

जोडीला महिनाभर वेगळं किंवा इतर माशांत ठेवा, कोन देऊ नका. मोकळी राहिली तर आठवड्यात परत अंडी घालेल, आणि अंगावरची कातडी भरून यायला तिला तेवढा वेळ पुरत नाही.